सोयाबीन कापताना हार्वेस्टर दम सोडतो तेव्हा: पंप खोलण्याआधी काय काय पाहायचं

सप्टेंबर उतरत आला की इंदूरभोवतीच्या सांवेर, देपालपूर, हातोद, बेटमा या सगळ्या पट्ट्यात एकाच आठवड्यात सगळ्यांना मशीन हवं असतं. जेएस ९५-६० सारखे लवकर येणारे वाण आधी वाळतात, जेएस ३३५ मागून येतो. मध्येच एखादी सर पडून जाते, आणि बटाटा, लसूण, गहू यांच्यासाठी शेत रिकामं करायची घाई मागे लागलेलीच असते. नेमकं तेव्हाच मशीन दबायला लागतं. काल दुसऱ्या गिअरमध्ये सहज जात होतं, आज पहिल्यातही इंजिन बसतं. बांधावर उभ्या चार जणांपैकी तिघं म्हणतात, "पंप गेला, खोला."

बहुतेक वेळा पंप, म्हणजे नोझलला दाबाने डिझेल देणारा पंप, गेलेला नसतो. इंजिनाला हवा पुरत नसते किंवा डिझेल पुरत नसतं, नाहीतर त्याच्यावर भलताच भार पडलेला असतो. या तिन्ही गोष्टी शेतातच, नट खोलायचे पाने, टॉर्च आणि हातभर पारदर्शक नळी एवढ्यावर तपासता येतात. यंदा पहिल्यांदाच मशीन घेतलेल्यांसाठी, आणि घरचं मशीन आता ज्यांच्या हाती आलंय पण आजवर सगळं चालकावर सोडलं होतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. आपल्याकडे दिसणारी बरीच मशीनं पंजाबात बांधलेली असतात: सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, ताकद १०० अश्वशक्तीच्या आसपास, कामाचा वेग २२०० आरपीएमच्या जवळ. जुन्या मशीनवर मेकॅनिकल पंप असतो, नव्यावर कॉमन रेल (सगळ्या नोझलना दाबाखालचं डिझेल पुरवणारी एकच नळी) आणि कॉम्प्युटर. फरक जिथे महत्त्वाचा आहे तिथे सांगतो.

हात घालण्याआधी इंजिन बंद करा आणि चावी आपल्या खिशात ठेवा. हेडर, म्हणजे पुढचा कापणारा भाग, जमिनीवर टेकवा किंवा त्याच्या टेकूवर लॉक करा. चाकाला दगड किंवा ठोकळा लावा. पट्टे आणि मळणीचा ड्रम इंजिन बंद केल्यावरही थोडा वेळ फिरत राहतात, ते पूर्ण थांबू द्या. एक्झॉस्टजवळ साचलेला भुसा आधी काढा; सोयाबीनचा भुसा आणि तापलेला मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर बाहेर नेणारा नळ) एकत्र आले की आग लागायला वेळ लागत नाही. आग विझवायचा सिलिंडर मशीनवर हवा, घरी नव्हे.

पहिली पायरी: दम इंजिनाचा गेला की भार वाढला?

ही पायरी सगळे गाळतात आणि मग दिवस घालवतात. मशीन सपाट जागी उभं करा, इंजिन गरम होऊ द्या आणि काहीही न जोडता अॅक्सिलेटर पूर्ण द्या. मीटरवर आरपीएम पाहा. विनाभार वेग कामाच्या वेगापेक्षा साधारण शे-दीडशेने जास्त असायला हवा. नेमका आकडा तुमच्या मशीनच्या पुस्तकात असतो. आता थ्रेशर जोडा, पीक न घालता. आरपीएम थोडे उतरतील. मग हेडर जोडा. मग पिकात शिरा. आरपीएम कुठल्या टप्प्यावर जास्त पडले ते वहीत लिहून ठेवा.

काहीही न जोडता पूर्ण वेग येत नसेल तर पिकाचा दोष नाही. आधी सगळ्यात फुकटातली गोष्ट पाहा. एकाला केबिनमध्ये अॅक्सिलेटर पूर्ण द्यायला सांगा आणि तुम्ही पंपाजवळ उभे राहा. पंपावरचा अॅक्सिलेटरचा हात (लिव्हर) शेवटच्या स्क्रूला टेकतो का? केबल ताणली गेली किंवा पिन झिजली की वर पूर्ण आणि खाली पाऊण अशी गत होते. तसंच इंजिन बंद करायची केबल पाहा. ती धुळीने अडकून अर्धवट ओढलेली राहिली तर पंप कायम थोडा बंदच असतो. मिस्त्री बोलावून, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) बदलून झाल्यावर शेवटी ही केबल सापडते, असं दर हंगामात कुठे ना कुठे होतंच.

थ्रेशर जोडताच, पीक नसतानाही आरपीएम धाडकन पडत असतील तर आत काहीतरी अडकलंय किंवा एखादं बेअरिंग जाम होतंय. इंजिनाला हात लावू नका, सरळ भाराच्या पायरीवर जा.

इंजिनाचे आरपीएम टिकून आहेत पण ड्रम मंदावतोय, तर पट्टा घसरतोय. जळक्या रबराचा वास येतोच. इंजिन तिथे पूर्णपणे निर्दोष आहे.

दुसरी पायरी: धूर वाचा

पिकात, पूर्ण भारावर, सायलेन्सरकडे पाहा. काळा धूर म्हणजे डिझेल येतंय पण ते जाळायला हवा कमी पडतेय, किंवा भार इंजिनाच्या ताकदीबाहेर आहे. दम गेलाय आणि धूरही नाही, तर डिझेलच पोचत नाही. पांढरा धूर आणि मिस मारणं (एखादा सिलिंडर न पेटणं) दिसलं तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय: पाणी असेल, डिझेलच्या नळीत हवा (एअर) असेल, नोझल गळत असेल किंवा टायमिंग, म्हणजे डिझेल फवारायची वेळ, हललं असेल. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि तो रोग शेतात बरा होणार नाही.

काळा असेल तर हवेकडे, धूरच नसेल तर डिझेलकडे. एवढं जरी डोक्यात पक्कं बसलं तरी निम्मा शोध संपतो.

तिसरी पायरी: हवा

सोयाबीनची धूळ गव्हाच्या धुळीपेक्षा वाईट. शेंगांवरची बारीक लव, पानांचा चुरा आणि काळ्या मातीची भुकटी यांचा मिळून जो थर बसतो तो झटकून जात नाही. त्यात वारा मागून असेल तर मशीन स्वतःचीच धूळ गिळत चालतं. शक्य असेल तिथे पट्ट्यांची दिशा अशी धरा की वारा आडवा येईल.

आधी प्री-क्लीनरची, म्हणजे फिल्टरआधी मोठी धूळ अडवणारी, वाटी रिकामी करा. फिल्टरच्या डब्याखालची रबराची चोच दाबून धूळ बाहेर काढा. ती चिकटून बंद झाली असेल तर सगळी धूळ थेट फिल्टरवर बसते. मग बाहेरचा फिल्टर काढा. तो टायरवर आपटायचा नाही, कागदाच्या घड्या दबतात. हवा मारायची तर आतून बाहेर, नोझल लांब धरून, दाब ३० पीएसआयच्या आसपास. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर १०० च्या वर चालतो, तो थेट मारला की कागद फाटतो आणि डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून साफ केल्यावर आत टॉर्च धरून अंधारात फिल्टर फिरवा. कुठेही ठिपक्यासारखा उजेड दिसला तर फिल्टर फेकून द्या. आतला छोटा फिल्टर कधीच साफ करायचा नसतो, तो फक्त बदलायचा. जुन्या मशीनवर ऑइल बाथ (ऑइलमधून हवा गाळणारा फिल्टर) असेल तर वाटीतलं ऑइल बदला, जाळी डिझेलमध्ये धुवून निथळू द्या आणि ऑइल खुणेपर्यंतच भरा.

"फिल्टर काढून दोन चकरा मारून बघू" हा सल्ला कोणीतरी देईलच. उभ्या मशीनवर, धूळ नसताना, मिनिटभर चालवून आरपीएम पाहिले तर ठीक. पिकात नाही. काळ्या मातीची धूळ थेट सिलिंडरमध्ये गेली तर रिंगा आणि लायनर घासले जातात, आणि मग खरोखरच इंजिन उतरवावं लागतं.

टर्बो असलेल्या मशीनवर फिल्टरपासून टर्बोपर्यंत आणि टर्बोपासून इंजिनापर्यंतची प्रत्येक रबरी नळी हाताने दाबून पाहा. टर्बोनंतरच्या नळीत फट असेल तर भारावर फुसफुस ऐकू येते आणि सांध्याभोवती तेलकट काळा डाग दिसतो. क्लॅम्प आणि नळ्या इंदूरच्या सियागंज बाजारात सहज मिळतात. हंगामाआधी एक जोड घेऊन ठेवा, कटाई चालू असताना शहरात जाऊन येण्यात अर्धा दिवस जातो.

चौथी पायरी: डिझेल

माझ्या मते दहापैकी सहा तक्रारी इथेच सुटतात, म्हणून इथे घाई करू नका.

पहिली चाचणी टाकीच्या झाकणाची. मशीन दबायला लागलं की झाकण सैल करा आणि पुढची चकर मारा. दम परत आला तर झाकणातलं हवेचं भोक धुळीने बुजलंय. तारेने साफ करा, काम संपलं.

दुसरं लक्षण असं की मशीन अर्धा तास छान चालतं, मग हळूहळू मरतं. बंद करून दहा मिनिटं थांबलं की पुन्हा छान चालतं. टाकीत काहीतरी तरंगतंय: पॉलिथिनचा तुकडा, पान, कापूस. चालताना ते तोंडाशी ओढलं जातं, थांबल्यावर सुटतं. शेतावर कॅनमधून आणि ड्रममधून डिझेल भरताना जाळीची चाळणी लावली नाही की हे होतंच. टाकीच्या तळाचा प्लग खोलून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी आहे. पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभं राहिलेल्या मशीनमध्ये ते असणारच, कारण रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफ रात्री पत्र्यावर जमते. म्हणून हंगामात टाकी संध्याकाळी भरायची, सकाळी नाही. वॉटर सेपरेटरचं पाणी मात्र सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी काढायचं, तेव्हा ते तळाशी बसलेलं असतं. टाकी तळाला जाईपर्यंत दुपारी चालवत राहणंही टाळा; रिटर्नचं, म्हणजे इंजिनाकडून टाकीत परतणारं, गरम डिझेल थोड्याशा डिझेलमध्ये फिरत राहतं, आणि गरम डिझेलने थोडी ताकद कमीच होते.

मग फिल्टर. बऱ्याच मेकॅनिकल पंपांच्या इंजिनांवर दोन असतात, पहिला कापडी आणि दुसरा कागदी. त्याआधी फीड पंपाजवळ (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) एक लहान वाटी आणि तिच्यात जाळी असते. ही जाळी नव्या माणसाला माहीतच नसते. फिल्टर बदलूनही दम येत नाही आणि शेवटी ही वाटी खोलल्यावर आत शेवाळासारखा गाळ निघतो. नव्या फिल्टरची सील नीट बसवा, जुनी चिकटून राहिली की दोन सीलांमधून हवा ओढली जाते.

हवेची गळती ओळखायला पारदर्शक नळी कामी येते. फीड पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला, टाकीकडून येणाऱ्या नळीत हातभर पारदर्शक नळी जोडा आणि इंजिन चालवून पाहा. बुडबुडे दिसले तर नळी, वॉशर किंवा क्लॅम्प हवा ओढतोय. डिझेल गळताना दिसत नाही म्हणून गळती नाही असं समजू नका. ओढणाऱ्या बाजूची फट डिझेल बाहेर टाकत नाही, हवा आत घेते.

एवढं करूनही शंका राहिली तर टाकीच बाजूला काढा. स्वच्छ गाळलेल्या डिझेलचा कॅन फीड पंपापेक्षा वर, एक्झॉस्टपासून लांब बांधा, त्यातून वेगळी नळी थेट फीड पंपाला द्या आणि रिटर्नही त्याच कॅनमध्ये सोडा. पाच-दहा मिनिटं भार देऊन पाहा. दम आला तर दोष टाकी आणि नळीत. नाही आला तर पुढे फिल्टर, फीड पंप, रिटर्नवरचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह.

कुठलीही नळी सुटली की एअर काढावी लागते. मेकॅनिकल पंपावर: पहिल्या फिल्टरचा स्क्रू सैल करा, हँड पंप मारत राहा, फेस थांबून सलग डिझेल आलं की पंप दाबलेला असतानाच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, मग पंपावरचा स्क्रू. कॉमन रेलवर मात्र जाड नळ्यांच्या नटांना हात लावायचा नाही. तिथला दाब १००० बारच्या वर जातो, आणि नट सैल झाल्यावर फटीतून निघालेली बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी रुग्णालयात जावंच लागतं. तिथे पुस्तकात दिल्याप्रमाणे हँड प्रायमर दाबायचा आणि बाकीचं कंपनीच्या माणसावर सोडायचं. या मशीनवर इंजिनाच्या बिघाडाचा दिवा लागला असेल तर तो आधी वाचून घ्या. इंजिन फार तापलं किंवा एखाद्या सेन्सरचा आकडा चुकला तर कॉम्प्युटर स्वतःच ताकद कमी करतो, आणि तुम्ही फिल्टर बदलत बसता.

पाचवी पायरी: उष्णता

रेडिएटरसमोरची फिरती जाळी थांबली आहे का ते पाहा. तिचा छोटा पट्टा तुटला की जाळीवर भुशाची रजई चढते. ऑइल कूलर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत बोट घालून बघा. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या रेडिएटरच्या आत तिथे कोंडा भरलेला असतो. इंजिन थंड झाल्यावर पंख्याच्या बाजूने बाहेर हवा मारा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

सहावी पायरी: भार, म्हणजे सोयाबीनच

इथे इंजिनाची चूक नसते, चालवणाऱ्याची सवय आडवी येते. मशीन गव्हावरून आलंय आणि ड्रम गव्हाच्याच वेगावर आहे, हे पहिल्यांदा पाहा. सोयाबीनला ड्रमचा वेग बराच कमी लागतो, साधारण ४५० ते ६०० आरपीएम, आणि ड्रमखालच्या जाळीची फट गव्हापेक्षा सैल. वेग जास्त ठेवला तर इंजिनावर भार तर येतोच, शिवाय दाणा फुटून दाळ होते आणि मंडीत भाव पडतो. बियाण्याचं पीक असेल तर याहून कमीच; इंदूरची सोयाबीन संशोधन संस्था बियाण्यासाठी थ्रेशर ३५० ते ४०० आरपीएमवर चालवायला सांगते.

वेळ पाहा. माळव्यात सकाळी दव असतं. शेंग ओली आणि खोड चिवट असलं की तेच मशीन त्याच शेतात सकाळी आठला दबतं आणि साडेदहानंतर आरामात चालतं. यासाठी मिस्त्री बोलावू नका, चहा घ्या. पानं गळून शेंगा तपकिरी झाल्या तरी पावसामुळे काही खोडं हिरवी राहतात. ती ड्रमला आणि बीटरला दोरीसारखी गुंडाळतात. दाण्यात १४-१५ टक्के ओलावा असताना कापलं तर मळणीही हलकी होते आणि शेंगाही फार फुटत नाहीत.

सोयाबीनच्या खालच्या शेंगा जमिनीपासून ५-१० सेंटीमीटरवर असतात, म्हणून कटर बार अगदी खाली ठेवावा लागतो आणि ढेकळं आत येतात. ओल्या काळ्या मातीचे गोळे एलिव्हेटरमध्ये गेले तर साखळी ओढायलाच इंजिनाची ताकद जाते. ब्लेडला धार नसेल तर रोप कापलं जात नाही, मुळासकट उपटून येतं, तेही मातीसकट. तुटलेली ब्लेडं त्याच संध्याकाळी बदला. जमीन ओली असेल तर चाकांना नुसतं पुढे सरकायलाही बरीच अश्वशक्ती लागते. चाक तीन-चार बोटं रुतत असेल तर एक दिवस थांबणं स्वस्त पडतं.

पीक नसताना भार येत असेल तर इंजिन बंद करून सगळे पट्टे सैल करा आणि पुल्या एकेक करून हाताने फिरवा. जी खरखरते किंवा अडते तिचं बेअरिंग. तापमान मोजायची छोटी बंदूक असेल तर अर्धा तास चालवून मशीन बंद केल्याबरोबर सगळ्या बेअरिंगांवर धरा, जे इतरांपेक्षा फार तापलंय ते सापडेल. चाळणी फार बंद असेल तर माल पुन्हा पुन्हा ड्रमकडे परत येत राहतो, रिटर्न एलिव्हेटरची खिडकी उघडून पाहा. हँडब्रेक पूर्ण सुटतोय का, तेही. हसू नका, ब्रेक ड्रम तापून वास येईपर्यंत चालवणारे पाहिलेत.

सातवी पायरी: आता मिस्त्री

हवा, डिझेल, उष्णता, भार सगळं नीट असूनही दम नसेल तर काम इंजिनाच्या आत आहे. बोलावण्याआधी दोन गोष्टी पाहून ठेवा. ऑइल भरायचं झाकण उघडून रिकाम्या वेगावर इंजिन चालवा; तिथून जोरात धूर फेकला जात असेल तर रिंगा झिजल्यात. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं आणि डिझेलचा वास असेल तर मशीन तिथेच बंद करा, पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग धरत नाहीत. एखादा सिलिंडर मिस मारतोय असं वाटलं तर थंड इंजिन सुरू करून मॅनिफोल्डच्या सहाही तोंडांवर तापमानाची बंदूक धरा, जे तोंड थंड राहतं तिथला नोझल संशयित. टॅपेटचं (व्हॉल्व्हचं) अंतर बऱ्याच दिवसांत पाहिलं नसेल तर नोझल काढण्याआधी ते करून घ्या.

आणि एक गोष्ट ठामपणे नाकारा. काही मिस्त्री पंपाचं सील तोडून स्क्रू फिरवतात आणि "डिझेल वाढवून दिलं" म्हणतात. मशीन खरंच उठतं, काळा धूर सोडत दोन दिवस पळतं. मूळ दोष तसाच असतो, वर पिस्टन आणि टर्बो भाजून निघतात. पंपाचं डिझेल टेस्ट बेंचवर मोजूनच ठरतं, बांधावर कानाने नाही.

पंप उतरवायचाच असेल तर फ्लँज आणि इंजिनाच्या सांध्यावर छिन्नीने आडवी खूण करून मोबाइलवर फोटो काढा, सगळ्या नळ्यांची तोंडं स्वच्छ प्लास्टिकने बांधा, आणि पंपासोबत सहाही नोझल पाठवा. पाठवताना वहीतले आकडेही सांगा: विनाभार किती आरपीएम, थ्रेशर जोडल्यावर किती, पिकात किती, आणि धूर कुठल्या रंगाचा.